होडीत बसा, महाराजांच्या घरी जायचंय!

शिवछत्रपतींची घरं महाराष्ट्रात पुष्कळ. जन्म शिवनेरीवर, लहानपण पुण्याच्या लाल महालात, उमेदीची वर्षं राजगडावर, सिंहासन रायगडावर. यांतल्या कुठल्या घरात आज चूल पेटते? लाल महाल दिसतो तो विसाव्या शतकात पुणे महापालिकेनं नव्यानं उभारलेला. रायगडचा राजवाडा १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटला आणि जोती तेवढी उरली. राजगडावर आपण जातो, चौथऱ्याला हात लावतो, खाली उतरतो.

मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गात मात्र अजून माणसं राहतात. तटाच्या आत घरं आहेत, अंगणात तुळस आहे, दोरीवर कपडे वाळतात. गावाच्या मधोमध देऊळ आहे आणि त्या देवळातला देव म्हणजे खुद्द घरमालक. रोज त्याची पूजा होते. सिंधुदुर्ग हा बघण्याचा किल्ला आहेच, पण मला तो महाराजांच्या घरांपैकी एकमेव नांदतं घर वाटतो. तेव्हा या घराच्या काही खास गोष्टी सांगतो, मालवणच्या जेटीवर होडीची वाट पाहताना वाचायला.

जागा हेरली, भरवसा कोळ्यांचा

महाराजांना जंजिऱ्याच्या सिद्दीचा त्रास होता. गोव्यात पोर्तुगीज होते, सुरतेला नि राजापुराला इंग्रज. समुद्रावर आपलं भक्कम ठाणं हवं होतं. मालवणसमोरचं हे बेट महाराजांच्या नजरेला पडलं आणि पसंत पडलं. बखरी सांगतात की बेटाच्या आसपासचा समुद्र ज्यांना पाठ होता, त्या कोळ्यांना महाराजांनी गावं इनाम दिली.

इनाम द्यावं अशीच ती माहिती होती. या बेटाभोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. वाट ठाऊक असेल त्याचीच होडी सुखरूप लागते. मोठ्या गलबताला जवळ यायचं धाडस होत नाही. म्हणजे तटाचा पहिला चिरा बसण्याआधीच निसर्गानं एक तट बांधून ठेवला होता, आणि त्या तटाचा दरवाजा फक्त कोळ्यांना माहीत होता. आजही होडी सरळ रेषेत जात नाही. तांडेल कुठे वळतो, कुठे थोपवतो, याकडे लक्ष ठेवा. तीनशे साठ वर्षांपूर्वीचं ज्ञान तुमच्यासमोर चाललेलं असतं.

मुहूर्ताची पूजा मालवणच्या किनाऱ्यावर झाली. तिथल्या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेलं आहे. गावात त्याला ‘मोरयाचा धोंडा’ म्हणतात. तारीख २५ नोव्हेंबर १६६४. त्याच वर्षी जानेवारीत सुरत लुटली होती, आणि त्यातला पैसा या समुद्रातल्या कामी आला असं म्हणतात. बहुतेक पर्यटक धोंडा न बघताच होडीत चढतात. तसं करू नका. घराच्या भूमिपूजनाची जागा आहे ती.

मालक आग्र्यात, काम चालू

पुरा किल्ला मार्च १६६७ अखेर उभा राहिला. आता ही मधली वर्षं आठवा. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात गेले आणि नजरकैदेत पडले. ऑगस्टमध्ये निसटले. राज्यावर इतकं मोठं संकट असताना इकडे मालवणच्या समुद्रात चिऱ्यावर चिरा चढत होता. सिंधुदुर्गाबद्दल मला सगळ्यात जास्त थरारून सोडणारी गोष्ट हीच आहे. बुरुजांच्या आकड्यांपेक्षा ही गोष्ट मुलांना आधी सांगावी.

बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखालचं. हेच पुढे रायगडाचे बांधकामप्रमुख. आकडे हवे असतील तर घ्या: क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाची लांबी साधारण तीन किलोमीटर, उंची तीसेक फूट, जाडी बारा फूट, बुरूज चाळीसच्या वर. तट सरळ नाही, नागमोडी आहे. बेटाच्या कडेकडेनं तो आतबाहेर वळत जातो, त्यामुळे तटाला भिडलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून मारा करता येतो.

तटाच्या पायात शिसं ओतलं आहे. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, फुगतं आणि दगड फोडतं. शिसं तसं करत नाही. वितळवून ओतलं की फटीत जाऊन बसतं आणि चिऱ्यांना धरून ठेवतं. वर चुना. दर पावसाळ्यात अरबी समुद्र या भिंतींवर महिनोन्‌महिने आदळतो. काही ठिकाणी तट ढासळला आहे, डागडुजी सतत करावी लागते, पण पाया जागचा हललेला नाही.

दरवाजा सापडला का?

होडी जवळ येते तसे सगळे एकच प्रश्न विचारतात. समोर सलग काळा तट दिसतो, आत जायची वाट कुठेच दिसत नाही. दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा असा वळवून बसवला आहे की अगदी तोंडाशी गेल्याशिवाय तो दिसतच नाही. ही गोमुखी रचना. तोफेला सरळ नेम धरता येत नाही, हत्तीला किंवा ओंडका घेऊन धावणाऱ्यांना पळायला जागा मिळत नाही. दरवाजाचं नाव दिल्ली दरवाजा. आत शिरल्याबरोबर मारुती. महाराजांच्या गडावर दरवाजाशी मारुती हवाच.

उतरताना खलाशी हमखास बजावतो, “सांभाळून उतरा हां, पायरेर शेवाळ आसा.” ते ऐका.

हात उजवा, पाय डावा

दरवाजाजवळ तटावर दोन लहान घुमट्या आहेत. एकीत उजव्या हाताचा पंजा, दुसरीत डाव्या पायाचा ठसा. दोन्ही चुन्यात उमटलेले. हे महाराजांचेच ठसे, अशी गडावरची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

चुना असं काही जपून कसा ठेवतो? ओला चुना लोण्यासारखा मऊ असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत तो पुन्हा दगड होतो. एकदा कडक झाला की त्यात उमटलेलं बोट न्‌ बोट राहतं. काम चालू असताना ओल्या गिलाव्यावर हात टेकावा आणि तो कायमचा राहावा, हे अगदी सहज घडण्यासारखं आहे.

महाराजांची चित्रं आपण हजारो पाहिली. त्यांतली बरीचशी नंतरच्या कलावंतांनी आपापल्या मनातून रंगवलेली. इथे चित्र नाही, तळवा आहे. केवढा आहे, हे डोळ्यांनी मोजता येतं. तो काही अवाढव्य नाही. माणसाचा हात आहे, आणि म्हणूनच त्यापुढे उभं राहिल्यावर गर्दीतली बडबड आपोआप कमी होते. हात लावायचा मोह आवरा. ठसा झिजतो तो अशाच प्रेमानं.

कोळ्याची टोपी घातलेले महाराज

किल्ल्याच्या मध्यभागी शिवराजेश्वराचं देऊळ. हे १६९५ च्या सुमारास राजाराम महाराजांनी उभारलं. आता नकाशा आठवा. १६९५ मध्ये राजाराम महाराज मालवणात नव्हते, पन्हाळ्यावरही नव्हते. ते पार तमिळ मुलुखात, जिंजीच्या किल्ल्यात होते आणि बाहेर मोगलांचा वेढा होता. थोरले बंधू संभाजीराजे १६८९ मध्ये मारले गेले होते, रायगड गेला होता, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत होते. अशा दिवसांत मुलगा वडिलांचं देऊळ करवतो, तेही समुद्रातल्या किल्ल्यावर. सगळं हातचं जात असताना काय धरून ठेवायचं, याचं उत्तर त्या देवळात आहे.

आतली मूर्ती पाहून पहिल्यांदा येणारा गोंधळतो. घोडा नाही, दाढी नाही, आपल्या ओळखीचा जिरेटोप नाही. महाराज बसलेले आहेत आणि डोक्यावर कोळ्यासारखी टोपी आहे. मूर्तीवर चांदीचा मुखवटा चढवतात, त्यामुळे मूळ दगडी रूप नेहमी दिसतंच असं नाही. कोळी मंडळी म्हणतात, महाराज आमच्यात आले तेव्हा आमचेच झाले. इतिहासाचे अभ्यासक दाढी नसण्याची कारणं शोधोत. मला कोळ्यांचं म्हणणं पटतं, कारण ज्यांच्या भरवशावर किल्ला उभा राहिला त्यांचीच टोपी घरमालकाच्या डोक्यावर असावी, हे त्या माणसाला शोभणारं आहे.

पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींनी या देवळाची व्यवस्था पाहिली, समोर सभामंडप बांधला. आणि पाहुणेही येतात. पाहुणे म्हणजे देवच! मालवणजवळच्या कांदळगावचा रामेश्वर दर तीन वर्षांनी तरंग (देवाचे वस्त्रं नेसवलेले खांब), ढोल, ताशे, निशाणं अशा लवाजम्यासह चालत मालवणात येतो, होडीत बसतो आणि शिवराजेश्वराच्या भेटीला किल्ल्यावर जातो. लोककथा अशी की किल्ल्याचं बांधकाम समुद्र टिकू देत नव्हता, तेव्हा महाराजांना कांदळगावच्या रामेश्वराचा दृष्टांत झाला आणि मग काम मार्गी लागलं. त्या नात्याची आठवण म्हणून ही भेट. देव राजाला भेटायला जातो, मानाची वस्त्रं देतो, आणि दोन्ही काठांवर हजारो माणसं उभी राहतात. कांदळगावकरांना ती तारीख विचारून ठेवा, आणि जमलं तर त्याच दिवशी मालवण गाठा.

दूध, दही, साखर

चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत तीन गोड्या विहिरी. नावं दूधबाव, दहीबाव, साखरबाव. शिबंदीची तहान यांनीच भागवली.

चमत्कार वाटतो, पण कारण साधं आहे. कोकणात पाऊस मुबलक. तो बेटाच्या जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खाली झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. विहीर बेतानं खोल खणली की गोडं लागतं. हाव धरून फार खोल गेलं, किंवा फार जोरात उपसा केला, की खालचं खारं वर चढतं. म्हणजे जागा निवडणं, खोली ठरवणं आणि वापर जपणं हे तिन्ही जमलं होतं. गावोगावच्या किनाऱ्यावर बोअरवेल मारून विहिरी खाऱ्या करून घेणाऱ्या आजच्या कोकणानं इथे येऊन जरा थांबावं.

किल्ल्यात राहायचं म्हणजे

मोजकी कुटुंबं उरली आहेत. हिंदू आहेत, मुस्लिमही आहेत. पूर्वजांकडे किल्ल्यावरची कामं होती. कुणाकडे पूजा, कुणाकडे नगारा, कुणाकडे राखण. ती कामं वारशानं पुढे आली. पगार म्हणाल तर नाममात्र, मान मात्र मोठा.

मे महिन्याच्या अखेरीला होड्या बंद होतात आणि साधारण सप्टेंबर उजाडल्यावर पुन्हा सुरू होतात. या तीन महिन्यांत समुद्र कुणाला विचारत नाही. तांदूळ, मीठ, काडेपेटी, औषधं सगळं आधी भरून ठेवायचं. पुष्कळ कुटुंबं पावसाळ्यापुरती मालवणात येतात. शिवराजेश्वराची पूजा मात्र थांबत नाही, त्यासाठी कुणीतरी राहतंच. बाहेर लाटा तटावर फुटत असताना आत दिवा लावणारी ही माणसं आपल्या लेखी इतिहासात येत नाहीत. यायला हवीत. किल्ला दगडामुळे टिकला तितकाच या माणसांमुळेही टिकला.

मुलांची शाळा, आजारपण, लग्न, बाजार, सगळ्याला मधे पाणी आडवं. म्हणूनच तरुण मंडळी एकेक करून काठावर सरकली. घर नांदतं ठेवायचं असेल तर त्यात नांदणाऱ्यांची सोय बघावी लागेल. दुरुस्तीचा निधी तटाला मिळतो, तसा विचार माणसांचाही व्हावा.

आणि हो, तिथल्या सरबताच्या, शहाळ्याच्या, कोकमाच्या छोट्या टपऱ्या याच घरांच्या असतात. तहान लागली तर तिथेच भागवा.

भराभर वाचा, पाठ करा

फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहूनच आरमार घेऊन निघाले आणि कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. परतताना गोकर्णला दर्शन घेतलं. त्यांची स्वतःची मोठी समुद्रस्वारी म्हणून हीच ओळखली जाते. तेव्हा समोर किल्ल्याचं काम नुकतंच लागलेलं होतं.

१७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि नाव बदललं: फोर्ट ऑगस्टस! पुढच्याच वर्षी पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत दिला. १८१२ च्या तहानं मालवण पुन्हा इंग्रजांकडे गेलं. ऑगस्टस हे नाव मालवणात कुणाच्या तोंडी बसलं नाही.

तटाच्या कडेला लहानशी वाळूची पुळण आहे, तिला ‘राणीची वेळा’ म्हणतात. महाराणी ताराबाई इथे स्नानाला येत, अशी आख्यायिका. मोगलांशी झुंजलेल्या त्या राणीला चार घटका निवांत मिळाल्या असतील तर बरंच वाटतं.

तटावर ठिकठिकाणी शौचकूप आहेत. पहाऱ्यावरच्या माणसाला जागा सोडून लांब जावं लागू नये, म्हणून केलेली सोय. सतराव्या शतकातला हा विचार कितीतरी आधुनिक इमारतींना सुचलेला नाही.

माडाला फांद्या फुटत नाहीत, कारण त्याचा वाढणारा कोंब एकच. या किल्ल्यावर मात्र दोन शेंड्यांचा माड होता. विजेनं त्याची एक फांदी गेली. कुणाच्या घरी जुना सहलीचा अल्बम असेल तर शोधा, त्यात तो कदाचित सापडेल.

सिंधुदुर्ग एकटा नाही. जवळच पद्मगड, काठावर राजकोट, कोळंब खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. एका घराला तीन राखणदार. पद्मगडाशी जहाजबांधणी आणि डागडुजी चाले. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्याकडून तिथे पाण्यातून चालत जाता येतं, पण वेळ स्थानिकांना विचारूनच.

राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला आणि सगळा महाराष्ट्र हळहळला. मे २०२५ मध्ये तिथे नवा, अधिक उंच, तलवारधारी पुतळा उभा राहिला.

किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. तटाच्या पायथ्याशी पाण्याखाली प्रवाळ आहेत. स्नॉर्केलिंग करताना त्यांच्यावर पाय देऊ नका. ते दगड दिसतात, पण जिवंत असतात.

नारळी पौर्णिमेला आधी किल्ल्याचा मानाचा नारळ समुद्राला, मग मालवणच्या व्यापाऱ्यांचा, मग बाकीच्यांचा. समुद्रसुद्धा क्रम मोडत नाही.

१ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्ह्यातून नवा जिल्हा निघाला आणि त्याला नाव मिळालं या किल्ल्याचं. वेंगुर्ल्याचा, सावंतवाडीचा, कणकवलीचा माणूस आपला पत्ता लिहितो तेव्हा शेवटच्या ओळीत महाराजांचं घर लिहितो.

आणि ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला. तो एक म्हणजे जिंजी, जिथे वेढ्यात असताना राजाराम महाराजांनी सिंधुदुर्गावर वडिलांचं देऊळ करवलं. बाप-लेकांचे हे दोन किल्ले आता जगाच्या एकाच यादीत आहेत.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते मे हा काळ चांगला. सकाळी लवकर जा. दुपारी तटावर सावली नाही आणि काळा दगड तापतो. पायात पकड असलेल्या चपला, डोक्याला टोपी, सोबत पाण्याची बाटली, आणि ती बाटली परत आणायची. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे संरक्षित आहे, पण कचरा उचलायला समुद्र ओलांडून माणूस जातो, हे लक्षात असू द्या. घरांचे फोटो काढण्याआधी विचारा. ते संग्रहालयाचं दालन नाही, कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. देवळात चपला बाहेर, आवाज खाली.

परत आल्यावर मालवणच्या बाजारात गुळाचा पाक चढवलेलं, आल्याच्या वासाचं खाजं घ्या. जेवायला बांगडा, वडे आणि सोलकढी. ते काही सांगायला नको.

एक विनंती मात्र मनापासून. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात. तेवढ्यात बहुतेक मंडळी दरवाजाशी फोटो काढतात, ठसे बघतात, देवळात हात जोडतात आणि धावत परत येतात. तट कुणी फिरत नाही, विहिरीत कुणी डोकावत नाही, वस्तीतल्या कुणाशी दोन शब्द बोलत नाही. चढतानाच तांडेलाला सांगून ठेवा की आम्ही पुढच्या होडीनं येतो. बहुतेक वेळा तो हो म्हणतो. पूर्ण किल्ला नीट बघायला निदान दोन-अडीच तास लागतात, आणि महाराजांच्या घरी जाऊन त्याहून कमी वेळ थांबू नये.